सावडीच्या कामाची सामाईक दिनदर्शिका

मृगाचे दोन दमदार पाऊस झाले आणि जमिनीला वाफसा आला म्हणजे गावातील प्रत्येक घर एकाच दिवशी पेरणीला उठते. माणसे तीच, पेरणीयंत्र एकच आणि वाफसा मात्र थोड्या दिवसांचा. अशा वेळी ‘आधी शेत कोणाचे?’ हा प्रश्न बांधावर सोडवावयास गेले म्हणजे वर्षानुवर्षांची सावडही मोडते. तो पावसापूर्वीच, सर्वांसमक्ष, कागदावर सोडविणे हितावह होय.

याबाबतीत माझ्याच हातून झालेली चूक प्रथम सांगतो. एका सावडीसाठी मी कचेरीत बसून सुबक तक्ता तयार केला. १५ जूनपासून रोज एका घराचे नाव त्यात लिहिले. त्या वर्षी पेरणीजोगा पाऊस जूनअखेरीस आला. तारखा उलटून गेल्या, तक्ता निरुपयोगी ठरला आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्या शेतात यंत्र आधी गेले. एका विधवा भगिनीची पाळी सर्वांच्या शेवटी आली. तोवर वाफसा उडाला होता. सोयाबीनचे बियाणे कोरड्या मातीत पडले आणि तिला दुबार पेरणी करावी लागली. दोष पावसाचा नव्हता, माझ्या तक्त्याचा होता.

दुसऱ्या वर्षी आम्ही सर्व घरांना एकत्र बसवून नवा तक्ता केला. त्याची रीत अशी :

१. तारखा नव्हे, क्रम लिहावा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा येईल तो ‘पहिला दिवस’ समजावा व तेथून पुढे दिवस मोजावेत.

२. क्रम जमिनीवरून ठरवावा. हलक्या जमिनीत वाफसा लवकर येतो व लवकर उडतो, म्हणून ती आधी घ्यावी. भारी काळ्या जमिनीत तो उशिरा येतो व अधिक टिकतो. सारख्या प्रतीच्या जमिनींत चिठ्ठ्या टाकाव्यात आणि यंदा जो शेवटी राहील त्याला पुढील वर्षी आधी घ्यावे.

३. कामाचा हिशेब खरा धरावा. समजा, दहा घरांचे मिळून २४ एकर क्षेत्र आहे व यंत्राने दिवसाला ६ एकर उरकते, तर पेरणीस ४ दिवस लागतील. यंत्र बिघडेल, पाऊस लागून राहील, म्हणून एक दिवस मोकळा ठेवावा.

४. प्रत्येक घरापुढे चार रकाने आखावेत : पाळी, पेरणीची प्रत्यक्ष तारीख, कोळपणीची तारीख व दिलेले-घेतलेले मनुष्यदिवस. सोयाबीनची पहिली कोळपणी पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी व दुसरी २५ ते ३० दिवसांनी करावयाची असते. म्हणून पेरणीची तारीख भरली की पुढील तारखा आपोआप मिळतात. पीक फुलोऱ्यात आल्यावर कोळपणी करू नये, हे ध्यानात ठेवावे.

५. तक्ता राखणारी व्यक्ती एकच असावी. बदल तिनेच, दोन्ही घरांच्या संमतीने, लिहावा. तोंडी बदल मान्य करू नये.

तक्ता सर्वांच्या येण्याजाण्याच्या ठिकाणी भिंतीवर लावावा. भ्रमणध्वनीवर त्याचे छायाचित्र अवश्य पाठवावे, परंतु भिंतीवरचा तक्ता काढू नये, कारण प्रत्येकाजवळ भ्रमणध्वनी असतोच असे नाही. आठवड्यातून एकदा संध्याकाळी तो मोठ्याने वाचून दाखवावा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांचाही हक्क त्यावर तितकाच आहे.

पाऊस येण्यापूर्वीच्या बैठकीत आणखी एक काम उरकून घ्यावे. प्रत्येक घराने आपल्या बियाण्यातील १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवणशक्ती तपासावी. ७० किंवा अधिक दाणे उगवले तर बियाणे पेरणीयोग्य समजावे. पाळी आली आणि बियाणे नादुरुस्त निघाले, तर एका घरामुळे साऱ्यांचा दिवस जातो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना एवढीच विनंती, की तक्ता आपण लिहून देऊ नये. खडू शेतकऱ्यांच्या हाती द्यावा व आपण शेजारी बसावे. नव्या तक्त्याच्या वर्षी त्या भगिनीची हलकी जमीन दुसऱ्याच दिवशी पेरून झाली. त्यासाठी तिला कोणाची विनवणी करावी लागली नाही. भिंतीवर तिचे नाव लिहिलेले होते, तेवढे पुरेसे झाले.