अडई आणि फणसांबा : वृक्षाचे दोन आश्रित

कोकणात तळ्याकाठच्या जुन्या फणसावर दोन आश्रित आढळतात : अडई हे बदक आणि फणसांबा ही बुरशी. अडई भाताचे दाणे खाते म्हणून तिच्यावर रोष असतो. फणसांबा पाण्यात उगाळून लहान मुलांच्या तोंडाला लावतात, म्हणून त्याला मान मिळतो. वृक्षाच्या दृष्टीने मात्र हा हिशेब उलट आहे.

अडई सुमारे 42 सें.मी. लांबीची, तांबूस-तपकिरी रंगाची असून उडताना शीळ घालते. पावसाळ्यात ती झाडाच्या ढोलीत, कावळ्याच्या वा घारीच्या जुन्या घरट्यात किंवा पाणथळीतील गवतात साधारणतः 7 ते 12 अंडी घालते. नर व मादी आळीपाळीने ती उबवितात. दाण्यांबरोबर ती पाणवनस्पती, गोगलगाई व किडेही खाते. झाडापासून ती केवळ निवारा घेते. लाकूड पोखरीत नाही.

फणसांब्याचे तसे नाही. खोडावर दिसणारी कठीण फळी हे त्या बुरशीचे केवळ फळ होय. तिचे तंतू कुऱ्हाडीच्या घावातून वा मोडलेल्या फांदीतून आत शिरतात व गाभ्याचे लाकूड कुजवितात. बाहेरचे जिवंत लाकूड पाणी वाहून नेत असल्याने झाड हिरवेगार राहते आणि मालक निश्चिंत असतो. दिनांक 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील बागांची मोठी हानी केली. अशा वाऱ्यात पोकळ खोडाचा धोका अधिक असतो. अर्थात, अशा कुजण्यातूनच ढोली तयार होते व अडईला घर मिळते.

शेतकरी बंधूंनी पुढील दक्षता घ्यावी :

1. फांदी छाटताना आधी खालून व मग वरून काप द्यावा. साल सोलू देऊ नये. कापावर बोर्डोपेस्ट लावावी (मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर).

2. फणसांबा काढल्याने रोग जात नाही. खोडावर लाकडी हातोडीने ठोकून पोकळी अजमावावी.

3. घर, गोठा वा रस्त्यालगतचे पोकळ झाड परवानगी घेऊन उतरवावे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 लक्षात ठेवावा.

4. वस्तीपासून दूर, तळ्याकाठी असलेले ढोलीचे झाड राखावे. निदान पावसाळ्यात त्यास हात लावू नये. अडईची शिकार करणे वा अंडी काढणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये गुन्हा आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी गावातील जुन्या झाडांची पाहणी करून कोणते उतरवावयाचे व कोणते राखावयाचे, हे मालकांसमवेत ठरवावे.