मज्जारज्जूचा दाह : वाट लांब, पण बंद नाही

रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी उठतो, तो पायांत मुंग्या येत असतात. कमरेभोवती कोणी पट्टा आवळून बांधावा तसे वाटते. संध्याकाळपर्यंत लघवी अडते आणि दोन दिवसांत पाय उचलेनासा होतो. घरच्यांना वाटते, नस दबली असेल, मालिश केली की बरे होईल. एम.आर.आय. काढल्यावर कळते, की दुखणे कमरेचे नसून मज्जारज्जूचे आहे. या विकाराला डॉक्टर ‘ट्रान्सव्हर्स मायलायटिस’ म्हणतात.

हा आजार दुर्मीळ आहे. दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण १ ते ४ जणांनाच तो होतो. त्यामुळे इमारतीत, नातेवाईकांत कोणी त्याचे नावही ऐकलेले नसते. रुग्णाला पहिला धक्का पाय गेल्याचा बसतो आणि दुसरा, असे दुखणे असलेले आपण एकटेच आहोत, या जाणिवेचा. म्हणून हा विकार आधी नीट समजून घेऊ.

आजार होतो कसा?

मेंदूचे हुकूम हातापायांपर्यंत नेण्याचे आणि तिकडच्या संवेदना मेंदूकडे आणण्याचे काम मज्जारज्जू करतो. विक्रोळी-भांडुपच्या दरम्यान रुळांवर पाणी भरले, तर मुलुंडच्या फलाटात काही दोष नसूनही तिथे गाडी येत नाही. या आजारात तसेच घडते. पाय शाबूत असतात, मधला मार्ग सुजलेला असतो. बहुधा एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर आणि त्यांच्या आवरणावर हल्ला करते. कधी याच्या मागे ‘न्यूरोमायलायटिस ऑप्टिका’ किंवा ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ हे विकार असतात. आपल्याकडे क्षयरोग नाही ना, हेही पाहावे लागते. हे विकार पुन्हा उलटू शकतात. त्यामुळे रक्ताच्या आणि पाठीतील पाण्याच्या तपासण्या टाळू नयेत.

सुरुवातीला शिरेतून स्टिरॉइडची मोठी मात्रा काही दिवस देतात. तिचा गुण न आल्यास रक्तातील प्लाझ्मा बदलण्याचा उपचार करतात. यात एकेक दिवस मोलाचा असतो. मुंग्या, पायांतील अशक्तपणा आणि लघवी अडणे ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर मालिशवाल्याकडे न जाता थेट मोठे रुग्णालय गाठावे.

सुधारणा किती आणि कधी?

ढोबळ मानाने एक तृतीयांश रुग्ण चांगले बरे होतात, एक तृतीयांश रुग्णांत काही उणीव राहते आणि उरलेल्यांना मोठे अपंगत्व येते. सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत अधिक असतो, पण ती तिथेच थांबते असे नाही. दोन वर्षांपर्यंत, क्वचित त्यानंतरही, फरक पडत राहतो. पहिले काही महिने अजिबात हालचाल आली नाही, तर पूर्ण बरे होण्याची शक्यता कमी होते, हेही रुग्णापासून लपवू नये. खोटा दिलासा फार दिवस टिकत नाही आणि तो तुटला की माणूस अधिक खचतो.

मग आशा कशाची धरायची? ‘मी पूर्वीसारखा चालेन’ ही आशा मनात असू द्यावी, पण रोजचा दिवस तिच्यावर टांगू नये. ‘या महिन्यात आधाराशिवाय पाच मिनिटे बसेन’, ‘पलंगावरून खुर्चीत स्वतः जाईन’ अशी उद्दिष्टे ठेवावीत. एका वहीत तारीखवार नोंद करावी आणि आजची तुलना कालशी न करता गेल्या महिन्याशी करावी. कारण ही सुधारणा सरळ चढत नाही. ताप आला, लघवीत जंतुसंसर्ग झाला, उन्हाळ्याचा उकाडा वाढला, की पाय पुन्हा जड होतात. असा उतार बहुधा तात्पुरता असतो. मात्र नवा अशक्तपणा टिकून राहिला किंवा नजर अंधूक झाली, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे.

आशेला शिस्तीची जोड

शरीर जपले, तरच होणाऱ्या सुधारणेचा लाभ घेता येतो. अंथरुणावर असताना दर दोन तासांनी कूस बदलावी. खुर्चीत बसल्यावर दर अर्ध्या तासाच्या आत हातांवर जोर देऊन किंवा दुसऱ्याच्या मदतीने बूड उचलावे. संवेदना नसलेल्या जागी बसलेली साधी जखमही महिनोन्‌महिने छळते. त्याच कारणाने बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नये. लघवी पूर्ण होत नसेल, तर ठरावीक वेळी स्वच्छ नळी घालून ती काढण्याची पद्धत शिकून घ्यावी. तिने मूत्रपिंडे सुरक्षित राहतात आणि बाहेर पडण्याचा धीर येतो. एका पायाची पोटरी अचानक सुजली, तर मात्र चोळू नये, डॉक्टरांना दाखवावे.

हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ सालापासून हेच काम करते. बोरिवली किंवा मुलुंडहून तिथे रोज जाणे सर्वांना जमत नाही. तिथे किंवा जवळच्या रुग्णालयात व्यायाम शिकून घरी रोज करावेत. घरातील एकाने तरी ते शिकावेत. लोकलमध्ये अपंगांसाठी राखीव डबा असतो. अपंगत्वाचा दाखला आणि ‘यूडीआयडी’ कार्ड वेळेत काढावे. ‘कार्ड काढले म्हणजे आशा सोडली’ असे अनेकांना वाटते. तसे मुळीच नाही. जे हक्काचे आहे, ते घेऊन पुढे जायचे.

हताश कुटुंबाला ‘स्टेम सेल’च्या खर्चिक उपचारांची जाहिरात खुणावते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही रक्तविकारांसारखे मोजके आजार सोडले, तर असे उपचार प्रायोगिकच मानले जातात. त्यासाठी राहते घर गहाण टाकू नये.

मनाची काळजी

झोप न लागणे, कोणाशी न बोलणे, ‘माझा सर्वांना भार झाला’ असे वारंवार म्हणणे हे नैराश्य असू शकते. त्यावर औषध आहे, समुपदेशन आहे. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. सेवा करणाऱ्या पत्नीला किंवा आईलाही आठवड्यातून काही तास सुटी हवी. ती थकली, तर घर थकते.

सर्वांत मोठे औषध म्हणजे याच वाटेने आधी गेलेला माणूस. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या कमरेखालचे शरीर ऐन तारुण्यात लुळे पडले. त्यांना उभारी दिली ती बाबूकाका दिवाण यांनी, आणि ते स्वतःही अपंग होते. पुढे नसीमाताईंनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभारली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मचरित्र अनेकांनी वाचले असेल. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. मध्ये सात वर्षे गेली, हे ध्यानात घ्यावे. दोघांची दुखणी निराळी आणि प्रत्येकाने पदक जिंकावे असेही नाही. पण पाय परत येईपर्यंत जगणे थांबवायचे नाही, हे दोघांकडूनही शिकावे.

मुलाचा अभ्यास घेणे, घरचा हिशेब ठेवणे, शक्य असल्यास घरून नोकरी करणे, यांतले एक तरी काम रुग्णाकडे परत द्यावे. ‘तुम्ही पडून राहा, आम्ही बघतो’ हे प्रेमाचे वाक्य असले, तरी ते रोज ऐकणाऱ्याची उमेद हळूहळू विझते. त्याऐवजी ‘हे जरा तुम्हीच बघा’ म्हणून पाहावे.