हाडांत उरलेले औषध

मृतदेह ताजा असेल, तर रक्त तपासता येते. शवविच्छेदनात यकृत, मूत्रपिंड, जठर यांचे भाग काढून आपल्याकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात प्रयोगशाळेला पाठवतात. ‘व्हिसेरा राखून ठेवला’ ही बातमीतली ओळ त्याचीच. पण रानात किंवा बंद घरात महिनोन्‌महिने पडलेल्या देहाचा व्हिसेराच उरत नाही. उरतात ती हाडे. आर्सेनिकसाठी हाड तपासण्याची रीत जुनी आहे. ॲमिट्रिप्टिलीन, सिटॅलोप्रॅम यांसारखी नैराश्यावरची औषधे हाडात शोधण्याची विद्या मात्र अजून घडते आहे.

हाडात रक्तवाहिन्या असतात, मज्जा असते. ही औषधे मेदात सहज विरघळतात आणि रक्तापेक्षा अवयवांत जास्त साठतात, तशी ती हाडातही पोचतात. मृत्यूनंतर पेशी फुटू लागल्या की यकृत-फुप्फुसांतले औषध आजूबाजूला झिरपते. त्यामुळे बरगडीत सापडलेले सगळे औषध जिवंतपणीच तिथे पोचले होते, असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

प्रयोगशाळेत हाड आधी खरवडून, धुऊन स्वच्छ करतात, कारण वर चिकटलेली माती किंवा वाळलेले मांस निष्कर्षाची दिशाच बदलू शकते. मग ते सुकवतात, कापतात, दळतात. पांढुरकी भुकटी मेथॅनॉलसारख्या द्रावकात भिजत ठेवली की औषध बाहेर येते, पण सोबत मेद आणि इतर गाळही येतो. तो काढण्यातच खरे कसब लागते. शेवटी अर्क मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातो. हे यंत्र रेणूचे वस्तुमान मोजते, तो फोडते आणि तुकड्यांवरून त्याची ओळख पटवते. ग्रॅमभर हाडातले काही नॅनोग्रॅम औषधही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

कॅनडात सडबरीच्या लॉरेन्शियन विद्यापीठातल्या जेम्स वॉटर्सन यांच्या गटाने या विषयावर चिकाटीने काम केले आहे. मात्रा आणि वेळ ठाऊक असलेली माणसाची हाडे मिळणार कुठून? म्हणून उंदीर आणि डुकरे. औषध दिलेल्या डुकरांचे देह उघड्यावर दीर्घकाळ कुजल्यावरही हाडांत ॲमिट्रिप्टिलीन, सिटॅलोप्रॅम आणि शरीराने त्यांपासून बनवलेले पदार्थ सापडले. मूळ औषध आणि हे पदार्थ यांच्या गुणोत्तरावरून एकदम घेतलेला मोठा डोस आणि नेहमीचे सेवन यांत फरक करता येईल का, हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. आत्महत्या की नियमित उपचार, याचा धागा तिथेच हाती लागू शकतो.

तोवर सावधगिरी हवी. एकाच सांगाड्यात मणका आणि मांडीचे हाड यांतले प्रमाण कित्येक पटींनी वेगळे निघते. रक्तातल्या पातळीवरून मात्रा घातक होती का, याचा अंदाज बांधता येतो. हाडासाठी तसा सर्वमान्य तक्ता नाही. शिवाय ॲमिट्रिप्टिलीन अर्धशिशीसाठी आणि मज्जातंतूंच्या दुखण्यासाठीही देतात. त्यापासून शरीरात बनणारे नॉरट्रिप्टिलीन स्वतंत्र गोळी म्हणूनही मिळते.

म्हणून अहवालात कोणते हाड, त्याचा कोणता भाग आणि काय सापडले, हे नेमके लिहिले जावे. अनोळखी सांगाड्याची ओळख पटवताना ते बेपत्ता व्यक्तीच्या औषधांच्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहता येईल. पण सांगाड्यात नैराश्यावरचे औषध सापडल्याची बातमी वाचाल, तेव्हा त्या व्यक्तीने ते कधीतरी घेतले होते, एवढेच धरून चाला. आत्महत्येचा निष्कर्ष त्या एका ओळीवरून काढू नका.