अर्धी गोधडी पुरी करताना

अर्धी राहिलेली गोधडी बघताना डोळा फसतो. कडेपासून आत शिवत आणलेले फेर मोजले आणि निम्मे झालेले दिसले, की निम्मं काम उरलंय असं वाटतं. खरं तर एक तृतीयांशाच्या आसपासच उरलेलं असतं. हा हिशेब आधी करून टाकू. वर्षानुवर्षं पडलेल्या गोधडीला पुन्हा हात लागत नाही, त्याला वेळ नसणं हे कारण असतंच. पण काम डोंगराएवढं वाटणं हे त्याहून मोठं कारण असतं.

एकेरी गोधडी साधारण चार फूट रुंद, साडेसहा फूट लांब. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या जवळपास असतं. चार घड्या घातल्या की दोन-दोन मीटरचे चार थर तयार होतात. एका लुगड्यात एक गोधडी बसते हे जुन्या बायकांना टेप न लावता ठाऊक असायचं. सेंटीमीटरमध्ये १२० बाय २०० धरू. कडेने मारलेला पहिला फेर ६४० सेंटीमीटरचा होतो. दोन फेरांत बोटभर, म्हणजे दोन सेंटीमीटर अंतर ठेवलं तर पुढचा प्रत्येक फेर १६ सेंटीमीटरने आखूड होत जातो. मध्यापर्यंत ३० फेर बसतात आणि शेवटचा जेमतेम पावणेदोन मीटरचा उरतो. सगळी शिवण मिळून १२२ मीटर. त्यातले बाहेरचे १५ फेर ७९ मीटर खातात, आतले १५ फक्त ४३.

एका बाजूने सरळ ओळी मारत नेलेली गोधडी असेल, तर मात्र निम्मी म्हणजे निम्मीच. पण आपल्याकडची जुन्या वळणाची गोधडी (कोल्हापूर-सांगलीकडची वाकळही) बहुतेक कडेपासून आत जाते. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदीही तशीच कडेने सुरू होऊन मध्यात संपते.

आता आपला वेग काढायचा. पंधरा मिनिटं घड्याळ लावून शिवा आणि किती झालं ते मोजा. चार थरांतून मीटरभर शिवायला दहा मिनिटं लागत असतील, तर ४३ मीटरला सव्वासात तास होतात. रोज अर्धा तास धरला तर पंधरवडा. पाहुणे, परीक्षा, गॅस संपणं, सर्दीखोकला हे सगळं धरलं तरी महिन्याच्या वर जाऊ नये.

हिशेब पटला, की बोचकं सोडा. पण लगेच शिवायला बसू नका. आधी गोधडी पलंगावर पसरून तळहाताने सगळीकडे अलगद चाचपून घ्या. जिथे काम थांबलं तिथे बहुधा सुई खोचलेलीच असते आणि ती गंजलेली असते. ओढून काढायला गेलात तर गंजाचा खरखरीत भाग कापड फाडतो. दोरा कापा, सुई ज्या दिशेने गेली त्याच दिशेने पुढे सरकवून काढा. गंजाच्या डागावर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवलं की डाग फिका होतो. मात्र रंगीत कापडाचा रंगही लिंबाने उडू शकतो, म्हणून आधी दुमडीच्या आत कुठेतरी करून बघा.

नंतर घड्या बघा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं सुती कापड त्या घडीवरच चिरतं. कापड दोन्ही अंगठ्यांनी धरून हलकेच ताणायचं. धागे सरकून जाळी दिसली तर तिथे कापड विरलंय. त्यावर वरून ठिगळ लावायचं, आणि ठिगळ विरलेल्या भागापेक्षा चारही बाजूंनी दोन बोटं मोठं घ्यायचं, म्हणजे टाका धडक्या कापडात पडेल. जुना दोराही तपासा. एखादं टोक बोटाला गुंडाळून झटका दिला आणि दोरा पटकन तुटला, तर झालेल्या फेरांवरही भरवसा नाही. अशा वेळी ते उसवत बसू नका. जुन्या दोन ओळींच्या मधून नवी ओळ घाला. कसर लागलेली दिसली तर दोन दिवस कडक ऊन दाखवून, झटकून मगच पुढे जा. आणि ओल खाऊन काळे ठिपके पडलेलं, हातात घेतलं की भुगा होणारं कापड असेल, तर ती गोधडी पुरी करायचा हट्ट सोडा. धडका तुकडा निवडा, त्याच्या कडेने आतून दोनदा शिवून घ्या आणि मगच कात्री लावा. आधी कापलं तर सगळे फेर टोकाकडून सुटत जातात. त्या तुकड्यात तान्ह्या बाळाचं दुपटं किंवा दोन बसकरं सहज होतात.

गोधडी मुळात थांबली का, हेही याच वेळी उमगतं, आणि त्या कारणावरच पुढचं काम ठरतं. कुठे बाळासाठी घेतलेलं दुपटं बाळ शाळेत जायला लागलं तरी तसंच पडलेलं असतं. कुठे दोरा संपला आणि तसाच रंग दुकानात मिळेना. कुठे उत्साहाच्या भरात आत जुनी चादर, दोन टॉवेल आणि पँटीचं कापड कोंबलेलं असतं, आणि सुई आरपार जात नाही. या शेवटच्या प्रकारात अंगुस्तान, जाडी सुई वगैरे इलाज करून बोटं सोलून घेण्यापेक्षा न शिवलेल्या भागातून हात घालून आतला जाड थर कात्रीने कापून बाहेर काढावा. गोधडीची ऊब कापडाच्या वजनात नसते. थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेत असते, आणि त्यासाठी मऊ, पातळ, वापरलेल्या कापडाचे चार-पाच थर पुरतात. आतला थर निघाल्यावर कडेचा भाग जाड आणि मधला पातळ राहतो. अंगावर घेतल्यावर ते कळतही नाही.

सगळ्यात जास्त गोधड्या अडतात त्या मधल्या फुगवट्यापाशी. कडेपासून शिवताना सुई दर टाक्याला वरचं कापड किंचित पुढे रेटते. खालचा थर जमिनीला चिकटून जागेवर राहतो, वरचा सरकत सरकत मध्याकडे गोळा होतो. पंधरा फेर झाले, की मधे झोळ पडतो. आता पुढे गेलं तर चुण्या पडणार आणि मागे जायचं तर सगळं उसवायचं, म्हणून माणूस हात टेकतो आणि गोधडी माळ्यावर जाते. उसवायची गरज बहुतेक वेळा नसते. फरशीवर चादर घालून तिच्यावर गोधडी उलटी पसरा, अस्तर वर येऊ द्या. कोपऱ्यांवर वजनं ठेवा. वरवंटा, दळणाचा डबा, काहीही चालेल. अस्तर मधून बाहेरच्या बाजूला तळहाताने सपाट करा. मग सुलटी करून वरचं कापडही तसंच करा आणि जादा झालेलं कापड एका ठिकाणी गोळा होऊ न देता चारी दिशांना वाटून द्या. आता वीतभर अंतरावर मोठमोठे कच्चे टाके घालून मधला सगळा भाग टाचून टाका. एवढं करूनही बोटभर कापड उरलंच, तर त्याची एक सरळ चुणी घाला, इस्त्री फिरवा आणि वरून चौकोनी ठिगळ बसवा. मध्यावरचं ठिगळ मुद्दाम लावल्यासारखंच दिसतं. झोळ मूठभर असेल तेव्हाच शेवटचे दोन-तीन फेर उसवावे लागतात.

दोरा सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो हेच त्याचं वाईट. ताण आला की तो स्वतः तुटत नाही, जुनं मऊ कापड कापतो. अँकरचा आठ नंबरचा गोळा मिळतो, दहा ग्रॅमचा, त्यात ८५ मीटर दोरा असतो. शिवणीच्या लांबीच्या सव्वापट दोरा लागतो असं धरलं, तर उरलेल्या ४३ मीटरला ५४ मीटर पुरे, म्हणजे एका गोळ्यात काम होऊन दोरा उरतो. जुन्याशी मिळताजुळता रंग शोधत बसू नका. जवळजवळ तसा असलेला रंग चुकल्यासारखा दिसतो. सरळ वेगळा घ्या. टाक्याचंही तेच. आधीचे फेर आईने किंवा आजीने घातलेले असतील आणि तिचा टाका तांदळाएवढा असेल, तर तुमचा तसा येणार नाही, आणि यावा म्हणून धडपडूही नका. दुसऱ्याच्या टाक्याची नक्कल पाच मिनिटं जमते, नंतर हात आपल्या वळणावर जातो आणि ओळ वेडीवाकडी होते.

दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की गाठी पडतात, शिवाय कापडातून पुन्हा पुन्हा ओढला जाऊन शेवटचा वीतभर भाग पिंजतो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला तर गुंता कमी होतो. गाठ मारून सुई वरच्या थरातून आत घाला, बोटभर अंतरावर बाहेर काढा आणि हलका झटका द्या; ‘टच्’ आवाज होऊन गाठ थरांच्या आत जाते. मग डावा हात गोधडीखाली. मधलं बोट खालून टेकवून ठेवायचं, सुईचं टोक त्याला लागलं न लागलं की लगेच वर वळवायचं. सुई पुढे रेटायची नाही, खालच्या बोटाने कापड वर ढकलून सुईवर चढवायचं. असे चार-पाच टाके सुईवर भरले की एकदम ओढायचे. दोरा ताणून घट्ट करायचा नाही. टाक्याच्या दोन्ही अंगांना कापड किंचित उचललेलं राहिलं पाहिजे, कारण हवा तिथेच राहते. दर ओळीनंतर अस्तरावर हात फिरवा. खाली टाका पडलाच नाही किंवा अस्तर मुडपून शिवलं गेलं, तर ते एका ओळीत कळलेलं बरं.

एवढं सगळं जमतं. रोजच्या धबडग्यात अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: गोधडी काढायची, पसरायची, सुई शोधायची, चष्मा शोधायचा, दोरा ओवायचा, आणि तोवर कुकरची तिसरी शिट्टी होते. म्हणून ही सगळी पूर्वतयारी शिवणकामापासून तोडून टाका. सकाळच्या उजेडात पाच-सहा सुया एकदम ओवून पिनांच्या उशीला टोचून ठेवा. गोधडी माळ्यावर, कपाटाच्या वरच्या कप्प्यात किंवा दिवाणाच्या पोटात ठेवू नका. जिथे बसता तिथेच, उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळी करून ठेवा. शिवायचा भाग वर येईल अशी गुंडाळी करा. आणि उठताना फेर पुरा करून उठू नका. ओळीच्या मधेच थांबा, वीतभर दोरा लोंबता ठेवा, सुई काढून डबीत टाका. पुढच्या वेळी कुठून सुरू करायचं हे ठरवावं लागत नाही, हात आपसूक तिथे जातो. फेर संपवून उठलेली बाई चार दिवस परत बसत नाही, असा माझा पक्का समज आहे.

पूर्वी गोधड्या उन्हाळ्यात शिवत. सुगी आटोपलेली, दुपार मोकळी, अंगण मोठं, चार जणी चार कोपऱ्यांना बसलेल्या. फ्लॅटमध्ये तसं होत नाही. एकटीने मांडीवर चार थर घेऊन वैशाखात बसणं ही शिक्षा आहे. तेव्हा उलटं करा. टाचणं, ठिगळं, ऊन दाखवणं ही कामं उन्हाळ्यात उरका आणि मांडीवर घ्यायचे फेर श्रावणापासून थंडीपर्यंत घाला. टीव्हीसमोर शिवायला हरकत नाही. मात्र मालिकेत डोळा अडकत असेल तर रेडिओ बरा.

मधला शेवटचा फेर झाला की गोट राहतो. इथेही पुष्कळ गोधड्या थकतात. गोटासाठी लुगड्याचा काठ उत्तम. तो कापडाचा सगळ्यात घट्ट विणलेला भाग असतो. काठ नसेल तर सहा-सात सेंटीमीटर रुंदीची पट्टी घ्या. नवं कापड असेल तर आधी धुऊन आटवून घ्या. जुनी लुगडी शेकडो वेळा धुतलेली असतात, ती आणखी आटत नाहीत. नवी पट्टी आटते आणि सगळी कड चुणून टाकते. मशीन असेल तर सुलट बाजूने मशीनवर शिवा, उलट बाजूला हेम घाला. कोपरे सगळ्यात आधी झिजतात, तिथे त्रिकोणी तुकडा दुहेरी लावा.

पहिल्यांदा धुताना गोधडी एकटीच धुवा, थंड पाण्यात, रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या. पिळू नका, दोन दोऱ्यांवर आडवी पसरा, नाहीतर पाण्याच्या वजनाने एका बाजूला ओढली जाते. वाळली की वापरायला काढा. उरलेला दोऱ्याचा गोळा आणि पट्टीचा तुकडा मात्र फेकू नका. वापरातल्या गोधडीचा गोट काही वर्षांत उसवतोच, तेव्हा तेच लागतात.