दुरुस्त केलेले घर घेताना

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घरासारखी मोठी खरेदी बहुधा एकदाच होते. जन्मभराची पुंजी आणि पुढील अनेक वर्षांचे कर्जाचे हप्ते तिच्यात गुंतलेले असतात. त्यामुळे पायाची किंवा तळघराची दुरुस्ती पूर्वी झालेली आहे असे कळताच कित्येक जण त्या घराकडे पाठ फिरवितात, तर काही जण नव्या रंगावर विश्वास ठेवून निश्चिंत होतात. दोहोंतही उतावळेपणाच आहे. विचारावयाचा प्रश्न एकच : पाणी कोठून आले होते, आणि त्याची वाट बंद झाली काय?

बंगळूरच्या आग्नेयेस, होसूर रस्त्यावरील बोम्मसंद्रा येथे हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. औद्योगिक वसाहतीमुळे येथे निरनिराळ्या राज्यांतील लोक आले. ऑगस्ट 2025 मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका येथवर पोचली. परंतु गावाचे नाव जुनी गोष्ट सांगते. बंगळूर परिसरातील सिंगसंद्रा, तिप्पसंद्रा यांसारख्या नावांतील 'संद्रा' हे पद 'समुद्र' या शब्दापासून आले असे मानतात. येथे समुद्र म्हणजे मोठा तलाव. पूर्वजांनी उतारावर एकाखाली एक तलाव बांधून ते 'राजकालुवे' नावाच्या नाल्यांनी जोडले होते. पुढे अनेक तलाव व नाले बुजवून वस्ती झाली. उतार मात्र तोच राहिला. सप्टेंबर 2022 च्या अतिवृष्टीत बंगळूरच्या कित्येक इमारतींची तळघरे पाण्याने भरली, त्याचे हे एक मोठे कारण होय.

म्हणून प्रथम गावाचा जुना भूमापन नकाशा पाहावा. घर बुजविलेल्या तलावावर वा नाल्यालगत असेल, तर अधिक सावध राहावे. नंतर दुरुस्तीची पावती, नकाशा व हमीपत्र मागावे. केवळ आतून जलरोधक लेप दिला असेल, तर बाहेरील मातीतील पाण्याचा दाब कायम राहतो व लेप कालांतराने सुटतो. भिंतीबाहेर जलरोधक थर, पाणी वाहून नेणारी नळी आणि घरापासून दूर जाणारा उतार केलेला असल्यास ते काम भरवशाचे समजावे.

तळघराच्या भिंतीस लोणा लागला आहे काय, हे पाहावे. प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीस चारही बाजूंनी दोन दिवस चिकटवून ठेवावा. त्याच्या आतील बाजूस ओल धरली, तर पाणी मातीतून येत आहे. दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या गेलेल्या रुंद भेगा पाया खचल्याची खूण असू शकतात. भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने बसवावी. ती तडकली, तर हालचाल थांबलेली नाही. शक्य तर घर पावसाळ्यात पाहावे. बंगळुरात सप्टेंबर-ऑक्टोबर हे जोराच्या पावसाचे महिने होत. अखेरचा निर्णय संरचना अभियंत्याच्या तपासणीनंतरच घ्यावा.

कायद्याचाही आधार आहे. सामान्य दक्षतेने खरेदीदारास न दिसणारा, पण विक्रेत्यास ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष त्याने सांगितलाच पाहिजे, असे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 55 सांगते. नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचनेचा दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करावा, अशी 2016 च्या स्थावर संपदा अधिनियमाची तरतूद आहे. तरीही झालेल्या दुरुस्तीचा उल्लेख विक्रीकरारात लेखी करून घ्यावा. कारण समजून केलेली दुरुस्ती घराचे आयुष्य वाढविते. अशा घरास भिण्याचे कारण नाही.