मागे यायचं तर शेवटच्या पायरीपासून

भिलाईच्या वैशाली नगरातल्या एका पालकांचा प्रश्न आला आहे. बारावीतली लेक य = २क्ष + ३ याचं व्यस्त फल काढताना पहिल्याच ओळीत क्ष आणि य यांची अदलाबदल करते; का, असं विचारलं तर म्हणते, ‘तसंच करायचं असतं.’

करायची गरज नसते. क्षला आधी २ने गुणलं, मग ३ मिळवले. मागे फिरताना आधी ३ वजा, मग २ने भाग: क्ष = (य − ३)/२. मार्क जातात ते क्रम उलटा करायला विसरल्याने. य १३ असेल तर क्ष ५. आधी भागून मग ३ वजा केलेत तर साडेतीन.

ही रीत आर्यभटांनी पाचव्या शतकाच्या अखेरीस श्लोकात बसवली, पण खरी रंगत आणली भास्कराचार्यांनी, ११५०च्या ‘लीलावती’त. एका संख्येला ३ने गुणा, गुणाकारात त्याचाच तीन चतुर्थांश मिळवा, ७ने भागा, भागाकारातून त्याचाच एक तृतीयांश काढा, वर्ग करा, ५२ वजा करा, वर्गमूळ घ्या, ८ मिळवा, १०ने भागा. उत्तर २. संख्या कोणती?

शेवटून निघू: २०, १२, १४४, १९६, १४. आता मेख! एक तृतीयांश काढला होता म्हणून १४मध्ये एक तृतीयांश घातला तर फसलात. अर्धा घालावा लागतो. म्हणजे २१. सातपट १४७. तीन चतुर्थांश मिळवला होता, तो तीन सप्तमांश काढून फिटतो: ८४. भागिले ३, म्हणजे २८. या छेदबदलाचा नियम आचार्यांनी स्वतंत्रपणे सांगितला आहे. गंमत अशी, की पहिल्या चार पायऱ्या मिळून संख्या फक्त निम्मी करतात! एवढा थाट कशासाठी, तर अर्ध्यासाठी. पुढे वर्ग आल्यामुळे −२८ हेही उत्तर चालतं. रेषीय फलात अशी दोन उत्तरं निघत नाहीत.

(‘फलाची संकल्पना आपलीच’ असले फॉरवर्ड कृपया नकोत. आचार्यांकडे होती ती क्रियांची साखळी उलटवण्याची रीत. कौतुकाला तेवढं पुरे.)

भिलाईकरांना पोलाद कारखान्यातलं उदाहरण जवळचं. प्लॅटिनमच्या ‘पीटी-१००’ सेन्सरचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि दर अंशामागे सुमारे ०.३८५ ओहम वाढतो. मोजला जातो रोध, हवं असतं तापमान. १३८.५ ओहम आला तर १०० वजा, भागिले ०.३८५: शंभर अंश सेल्सियस. सुमारे १६०० अंशांच्या वितळलेल्या पोलादात थर्मोकपल बुडवतात. त्याचा आलेख सरळ नसतो, म्हणून तिथे व्यस्ताचे तक्ते तयार ठेवतात. पीटी-१००च्या सूत्रात अक्षरांची अदलाबदल केलीत तर तापमानाच्या जागी ओहम येऊन बसतील!

ती अदलाबदल कामाची आहे ती दोन्ही आलेख एकाच कागदावर काढताना; तेव्हा य = क्ष या रेषेत ते एकमेकांची प्रतिबिंबं दिसतात. एरवी लेकीला ती ओळ खुशाल गाळू द्या. पेपरात मात्र शेवटचं उत्तर क्षमध्येच लिहायला सांगा.