कपाटातील पुस्तके आणि शालेय ग्रंथपाल

शाळेत ग्रंथालय असावे, याविषयी कोणाचेही दुमत नाही. ते चालवावे कोणी, हा प्रश्न मात्र सत्तर वर्षे लोंबकळत पडला आहे. मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ च्या अहवालात शालेय ग्रंथालयांचे जे वर्णन केले, ते आजही अनेक शाळांना लागू पडेल : जुनी, मुलांच्या आवडीचा विचार न करता निवडलेली पुस्तके, कुलूपबंद कपाटे, आणि त्यांची देखरेख एखाद्या कारकुनाकडे किंवा या कामात गोडी नसलेल्या शिक्षकाकडे. ग्रंथपाल प्रशिक्षित असावा आणि वेतन व दर्जा यांत तो ज्येष्ठ शिक्षकांच्या बरोबरीचा असावा, असा उपायही आयोगाने सांगितला होता. महाराष्ट्राने त्याला शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत बसविले.

हजाराहून अधिक विद्यार्थी असलेल्या अनुदानित माध्यमिक शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल मिळावा, त्याहून लहान शाळेने अर्धवेळ ग्रंथपालावर भागवावे आणि अगदी लहान शाळेने तेही विसरावे, अशी येथील निकषांची ठेवण आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तर हे पदच नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची प्रत्येक शाळेत ग्रंथालय, वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींची पुस्तके असावीत असे सांगते. ग्रंथपालाचा उल्लेख तीत नाही. समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून ग्रंथालयासाठी शाळेच्या श्रेणीनुसार वर्षाला पाच ते वीस हजार रुपयांपर्यंत तरतूद झाली. यंत्र घ्यावे आणि ते चालविणारा कामगार नेमू नये, असा हा व्यवहार आहे. कोणताही कारखानदार तो करणार नाही.

कर्जत तालुक्यातील भिवपुरीसारख्या ठिकाणी या धोरणाचा अर्थ काय होतो, हे पाहण्याजोगे आहे. घाटमाथ्यावरचे पाणी खाली उतरवून येथे १९२२ साली टाटांचे वीजकेंद्र सुरू झाले. भिवपुरी रोड स्थानकावरून उपनगरी गाडीने मुंबई गाठता येते. परिसरात अभियांत्रिकी शिक्षणही आले आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ग्रंथपाल मिळतो. वाडीवरच्या ठाकूर वा कातकरी मुलाला तो मिळत नाही. आणि शाळेतून आलेले पुस्तक हेच घरातील पहिले पुस्तक, अशी स्थिती याच मुलाची असते. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. ते सहा-सात महिने मुलाच्या हातात छापील अक्षर पडतच नाही. जाताना त्याच्याबरोबर काय द्यावे, त्याला कितपत वाचता येते, पाठ्यपुस्तकाच्या मराठीपेक्षा वेगळी असलेली त्याची घरची बोली कोणती, हे ठाऊक असलेला माणूस शाळेत असणे, ही येथे चैन नव्हे.

शिक्षक कपाट उघडत नाही, यात त्याच्या आळसाचा भाग थोडा आहे. पुस्तके संग्रह-नोंदवहीत चढलेली असतात. तपासणीत एखादे कमी भरले, तर खुलासा त्यालाच करावा लागतो; वाचून वाचून पुस्तक फाटले, याचे श्रेय मात्र कोणत्याही रकान्यात पडत नाही. न वाचलेले पुस्तक हेच नोंदवहीच्या दृष्टीने आदर्श पुस्तक ठरते! मग १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी कपाटे उघडतात आणि दुसऱ्या दिवशी मिटतात. पुस्तके वापरासाठी असतात, हा डॉ. रंगनाथन यांच्या १९३१ च्या पंचसूत्रीतील पहिलाच नियम. झिजलेल्या पुस्तकांचे निर्लेखन सुलभ झाले नाही, तर प्रशिक्षित ग्रंथपालही उद्या रखवालदारच होईल.

माहिती मोबाइलवर मिळते, मग ग्रंथपाल हवा कशाला, असे आता विचारले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. उत्तर मिळविणे स्वस्त झाले, त्यातील खरे कोणते हे ठरविणे महाग झाले. प्रकल्पाच्या वहीतील मजकूर कोठून उतरविला हे विचारणारा, दोन पुस्तके समोर ठेवून त्यांतील विसंगती दाखविणारा ग्रंथपाल पूर्वी उपयोगी होता. आता तो अपरिहार्य आहे.

वाडीवरील शाळेत हजार विद्यार्थी कधीच भरणार नाहीत. म्हणून पद शाळेऐवजी केंद्राला द्यावे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून जी व्यवस्था उभारली, तीत पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरत. आज सुमारे दहा प्राथमिक शाळांचे एक केंद्र असते. एका ग्रंथपालाचे वेतन दहा शाळांत विभागले जाईल, आणि पेट्या महिन्याकाठी बदलल्या, तर नवी खरेदी न करताही प्रत्येक शाळेला दहा शाळांचा संग्रह लाभेल. वीटभट्टीवर निघालेल्या मुलाच्या हाती त्या पेटीतील चार पुस्तके देता येतील. ती जूनमध्ये परत आली नाहीत, तर तेवढी रक्कम खर्ची टाकावी.